तीन वाजून छप्पन्न मिनिटं

नवी मुंबईतल्या सारसोळे गावाच्या खाडीला त्या रात्री उधाणाचं पाणी होतं. २९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. पौर्णिमा एका दिवसावर आलेली, त्यामुळे भरती मोठी. गावातले आगरी-कोळी आणि आमच्यासारखे सिडकोच्या घरांत नव्याने राहायला आलेले, सगळेच आपापले गणपती घेऊन काठावर उतरले होते. नेरुळपर्यंत लोकल येऊन आठ महिनेही झाले नव्हते. मुंबईने त्या वर्षी जानेवारीत दंगल आणि मार्चमध्ये बॉम्बस्फोट पाहिले होते. तरीही, की म्हणूनच, त्या वर्षी ढोल जोरात वाजले. घरी येऊन आम्ही गाढ झोपलो. पहाटे मुंबई-पुण्यापर्यंत जमीन हलली. काहींना पलंग सरकल्यासारखा वाटला म्हणे. आम्हाला जागही आली नाही.

इथून रस्त्याने जवळपास पाचशे किलोमीटरवर, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या सीमेवरही लोक विसर्जन करून उशिरा घरी आले होते आणि असेच गाढ झोपले होते. ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. किल्लारी, तळणी, मंगरूळ, सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी अशी ५२ गावं जमीनदोस्त झाली. सरकारी मोजणीने ७,९२८ माणसं गेली. लोकांची स्वतःची मोजणी याहून मोठी आहे.

या भूकंपावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं. पण बहुतेक लिखाण ढिगारे, मदत, घरं आणि हिशेब यांच्याबद्दल आहे. जी माणसं वाचली त्यांच्या छातीत, पोटात, झोपेत तो भूकंप पुढे किती वर्षं चालू राहिला, हा या घटनेचा दुसरा इतिहास. तो मला एका बाईमुळे कळू लागला. सास्तूरच्या बाजूच्या एका गावातून १९९५-९६ च्या सुमारास ती आणि तिचा नवरा नेरुळला बांधकामावर आले आणि पुढे सारसोळ्यात भाड्याच्या खोलीत राहिले. आमच्याकडे ती पोळ्या करायला येते. आम्ही तिला मावशी म्हणतो.

मावशी कित्येक वर्षं दारात झोपत असे. शब्दशः दारात, उंबऱ्याला डोकं लावून आणि पाय आत. पावसाची झड आली तरी दार उघडं. चोराची भीती वाटत नाही का, असं मी एकदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, “चोर परवडला ताई. भिंत न्हाई परवडत.”

ही भिंत समजून घ्यायला मराठवाड्याचं माळवदाचं घर ठाऊक हवं. काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या जाड भिंती. वर लाकडी तुळया, त्यांवर पाट आणि पाटांवर मातीचा थर. पावसाळ्यात गळती लागली की त्याच थरावर आणखी माती. पिढ्यान्‌पिढ्या असं करत छपराचं ओझं वाढत गेलं. उन्हाळ्यात लातूरची जमीन तापते तेव्हा या घरात गारवा असतो, उन्हात राबून आलेला माणूस तिथे पाठ टेकतो. ज्या घराने शंभर उन्हाळ्यांतून राखलं, तेच अंगावर आलं. तज्ज्ञ सांगतात की मातीखाली दबलेली माणसं बऱ्याचदा गुदमरून जातात. मावशीच्या गावात ते सांगायला तज्ज्ञ लागला नाही.

आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते या साऱ्या दुखण्याचं मूळ तिच्यात आहे. १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारी परिसराला छोटे धक्के बसत होते. ऑक्टोबरात ते वाढले. लोक अंगणात, रानात झोपू लागले, गाव हलवा म्हणून मागणी झाली. पण दख्खनचं पठार हा देशातला सर्वांत स्थिर भूभाग मानला जात होता. भूकंपाच्या नकाशावर हा पट्टा सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. हळूहळू धक्के थांबले, थंडी पडली, माणसं परत माळवदाखाली निजू लागली. म्हणजे शरीराने धोका ओळखला होता, आणि शरीराला समजावून आत नेण्यात आलं होतं. वाचलेल्यांच्या मनात पुढे जो सल राहिला तो यातूनच. आपल्याला माहीत होतं, आपण बाहेर झोपत होतो, मग आत का गेलो? हा प्रश्न कुठल्याही पंचनाम्यात येत नाही.

पहिल्या आठवड्यातली दृश्यं त्या वेळी सगळ्यांनी वर्तमानपत्रांत पाहिली. पाऊस थांबत नव्हता. सैन्य आलं. सरणाला लाकूड पुरेना म्हणून पडक्या घरांच्याच तुळया आणि दारं चितेवर चढली. एकेका चितेवर अनेक जण. नेमका तेव्हाच पितृपंधरवडा लागत होता. कोणाचं दहन कुठे झालं हेच अनेक घरांना माहीत नव्हतं. तिथे दहावं-तेरावं कोण कोणाचं करणार? त्या गावांत आजही अख्ख्या गल्लीची श्राद्धाची तिथी एकच असते. मंगरुळात ढिगाऱ्याखालून अठरा महिन्यांची मुलगी शंभराहून अधिक तासांनी जिवंत निघाली, तेव्हा महाराष्ट्र रडला. मावशी त्या मुलीबद्दल बोलत नाही. ती निघाली, मग आमची का नाही निघाली, असं कोणाही आईच्या मनात येणार, आणि तसं मनात आल्याची लाजही वाटणार.

मराठीत या आत बसून राहिलेल्या भयासाठी शब्द आहे: धसका. पोराने धसका घेतला, तिला धसका बसला. शब्दातच शरीर आहे. काहीतरी आत धसतं. छातीत धस्स होतं, हातापायांतलं बळ जातं, तोंडाला कोरड पडते, पोटात गोळा येतो. आपल्या आज्या-पणज्यांनी हे वर्णन नेमकं केलेलं आहे. शास्त्राला तिथवर यायला बराच वेळ लागला.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांतले इंग्रज सैनिक जखम नसताना थरथरू लागले, मुके झाले, काहींना दिसेना. चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याला ‘शेल शॉक’ म्हटलं. तोफगोळ्यांच्या दणक्याने मेंदूला इजा झाली असावी, असा आधी समज होता. मग जे तोफांपासून दूर होते तेही थरथरताना दिसले. त्यांतल्या कित्येकांना भित्रे ठरवलं गेलं. पुढे व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या सैनिकांनी आणि अत्याचार सोसलेल्या स्त्रियांनी आवाज उठवला, तेव्हा कुठे १९८० साली अमेरिकी मनोविकार संघटनेने आपल्या यादीत एक नवं निदान घातलं. आघातानंतरचा ताणविकार, म्हणजे पीटीएसडी. त्या नावाने एक गोष्ट अधिकृत झाली. जे घडलं ते असह्य होतं, सोसणारा माणूस कच्चा नव्हता.

भारताला हा धडा आधी भोपाळने दिला. डिसेंबर १९८४ मध्ये वायुगळती झाली. डोळे आणि फुप्फुसं यांचे डॉक्टर धावले, मानसोपचारतज्ज्ञ काही आठवड्यांनी पोचले. त्यांना दिसलं की दवाखान्यात धाप लागते, चक्कर येते म्हणून येणाऱ्या अनेकांचं मनही वायूने होरपळलं होतं. बंगळूरच्या निम्हान्सचे डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या सामान्य डॉक्टरांना शिकवलं की या माणसाला ओळखायचं कसं, बोलायचं कसं, गोळी कधी द्यायची. मोठ्या आपत्तीत मनाची मलमपट्टी गल्लीतल्या दवाखान्यातूनच करावी लागते, कारण तेवढे मानसोपचारतज्ज्ञ देशात नाहीत. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून कागदावर हेच सांगत होता. भोपाळने ते रस्त्यावर आणून दाखवलं.

किल्लारीच्या वेळी महाराष्ट्राकडे पुण्यात एक नवी संस्था होती: महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ. १९९१ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचे संस्थापक-संचालक डॉ. मोहन आगाशे. ‘घाशीराम कोतवाल’मधला नाना फडणवीस म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. भूकंपग्रस्त भागातल्या मानसिक आरोग्यावर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जे दीर्घ संशोधन हाती घेतलं, त्याचे ते प्रमुख होते. एक नट-डॉक्टर या कामावर असावा, हे मला फार योग्य वाटतं. आघातातलं मुख्य दुखणं गोष्ट अडकून बसल्याचं असतं. पात्र रंगमंचावरून उतरतच नाही. ३ वाजून ५६ मिनिटांचा प्रवेश पुन्हा पुन्हा चालतो आणि पडदा पडत नाही.

असं का होतं? धोका आला की मेंदूतली अमिग्डाला नावाची बदामाएवढी गाठ विचाराच्या आधी गजर करते. अ‍ॅड्रिनलिन सुटतं, हृदय धावतं, रक्त पचनाकडून पायांकडे वळतं. पळणं किंवा झुंजणं शक्य नसेल, तर शरीर गोठतं. ढिगाऱ्याखालचा माणूस पळूही शकत नाही, झुंजूही शकत नाही. एरवी प्रसंग सरला की हिप्पोकॅम्पस नावाचा भाग त्याला स्थळ आणि काळ लावून ठेवून देतो, आपण ‘तेव्हा’ म्हणू शकतो. भयाचा लोंढा मोठा असला की ही नोंद नीट होत नाही. वास, आवाज, अंगाखालचा कंप असे सुटे तुकडे तारखेशिवाय पडून राहतात. त्यातला एक तुकडा हलला की शरीराच्या लेखी ‘तेव्हा’ नसतंच, सगळं ‘आत्ता’ असतं.

नवी मुंबईत हा तुकडा रोज हलायचा. शहर बांधलं जात होतं. मावशी आणि तिचा नवरा ज्या साइटवर होते, तिथे पायलिंगचं मशीन जमिनीत खांब ठोकत असे. धप्‌, धप्‌, आणि पायांखालची जमीन दर ठोक्याला थरथरे. दुसऱ्या मजुरांच्या लेखी तो नुसता गोंगाट होता. मावशी पाटी टाकून मोकळ्या मैदानात पळत सुटे आणि मुकादमाच्या शिव्या खाई. भूकंपाने मोडलेली माणसं पोट भरायला जिथे गेली, तिथेही त्यांच्या वाट्याला जमीन हलवण्याचंच काम आलं. माझ्या हे कित्येक वर्षं लक्षात आलं नव्हतं. मीही त्याच इमारतींपैकी एकीत राहत होते.

मावशीच्या गावाकडे काय चाललं होतं ते बघितलं पाहिजे, कारण माणसं तिथून का निघाली याचं उत्तर त्यात आहे. पुनर्वसन प्रचंड होतं. जागतिक बँकेच्या कर्जासह उभा राहिलेला हा कार्यक्रम तोवरच्या भारतातल्या सर्वांत मोठ्या पुनर्बांधणींपैकी एक. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. जमिनीच्या मालकीप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. लातूरचे तेव्हाचे तरुण जिल्हाधिकारी प्रवीणसिंह परदेशी यांचं नाव लोक आजही काढतात. ही कामगिरी मी कमी लेखणार नाही. पण नवी गावं शहराच्या कॉलनीसारखी चौकोनी आखली गेली. रुंद रस्ते, सुटी सुटी घरं. वाडा, ओटा, गल्लीचं वळण हे सगळं गेलं. ज्या ओट्यावर बायका तूर निवडत बोलायच्या, तो आराखड्यात नव्हता. रडायलाही एक जागा लागते.

लोक दगडाला भिऊ लागले. घर सिमेंटचंच हवं, दगड नको, ही मागणी त्या भागात सगळीकडे होती. नवं पक्कं घर मिळाल्यावरही कित्येक कुटुंबं शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्येच झोपत राहिली. उन्हाळ्यात पत्रा भाजून काढतो, तरी. अधिकाऱ्यांना वाटे, शेड मोडून घर वापरा हे यांना कळत कसं नाही? पत्रा अंगावर पडला तरी माणूस मरत नाही, हा त्यामागचा साधा हिशेब होता. दारू वाढली. हातात पहिल्यांदाच रोख पैसा आला होता आणि घरात तो कोणासाठी खर्चायचा ते माणूस उरलं नव्हतं. विधुरांची लग्नं पटापट झाली, विधवांची त्या मानाने फार कमी. दुःखालाही आपल्याकडे बाई-पुरुष असा भेद आहे.

पोरांचं काय झालं, हा या इतिहासातला मला सर्वांत उजेडाचा भाग वाटतो. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने १,२०० मुलं पुण्याला नेली, शिकवली. वाघोलीचं संकुल त्यातून उभं राहिलं. नळदुर्गला पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी ‘आपलं घर’ काढलं. आपल्या मातीपासून मुलं दूर न्यावीत की जवळ ठेवावीत, यावर तेव्हाही दोन मतं होती. मला नळदुर्गचा मार्ग अधिक पटतो, कारण तिथलं आभाळ, भाषा आणि भाकरी तीच होती. पण दोन्हीकडे एक गोष्ट घडली, जी उपचारशास्त्र फार महत्त्वाची मानतं. घंटा ठरलेल्या वेळी वाजत होती. जेवण ठरलेल्या वेळी होतं. संध्याकाळी खेळ होता. ज्या मुलाची जमीन एकदा विश्वासघात करून गेली, त्याला उद्या काय होणार हे आधी कळणं म्हणजे औषध.

मोठ्यांना असं औषध कोणी दिलं नाही, त्यांनी ते हळूहळू स्वतःच शोधलं. पडलेल्या गावांच्या पलीकडे हजाराहून अधिक गावांत घरं नुसती तडकली होती. तिथे मालकानेच आपलं घर दुरुस्त करायचं आणि मजबूत करायचं, असा कार्यक्रम आला. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावी बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. सळई किती, दगडी भिंतीत आरपार बांधणारा दगड कुठे घालायचा, सिमेंट कमी पडलं तर कोणाला विचारायचं, हे बायका शिकल्या आणि दारोदार सांगू लागल्या. बांधकामाच्या अहवालात हे सगळं ‘लोकसहभाग’ म्हणून नोंदलेलं आहे. मी त्याला मनोपचार म्हणते. जी भिंत स्वप्नात अंगावर येते, तिच्या पोटात काय घातलंय हे स्वतःच्या हाताने बघितलं, तर ती भिंत पुन्हा नुसती भिंत होऊ लागते. आघाताने माणसाच्या हातून सुटतं ते सगळ्यात आधी काही करू शकण्याचं बळ, आणि ते नुसत्या सांत्वनाने परत येत नाही.

आणि तरीही खूप माणसं राहून गेली. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात जात होती, अंग दुखतं, डोकं जड आहे, छातीत धडधडतं, भूक नाही, असं सांगत होती आणि गोळ्या घेऊन परतत होती. मन दुखतं असं आपल्याकडे कोणी सांगत नाही. मराठवाड्यात तर नाहीच. त्यांचं शरीर खरं तेच सांगत होतं. ते ऐकायचं शिक्षण फार थोड्या डॉक्टरांना मिळालं होतं.

आपल्या भाषेत मनाच्या दवाखान्यांची गावंच धमकी झाली आहेत. ‘ह्याला येरवड्याला पाठवा’, ‘हिला ठाण्याला न्या’. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, आणि शंभर वर्षांत त्या शब्दाला जो वास चिकटला तो सहज जात नाही. त्याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली. मनाच्या तक्रारीसाठी मध्यमवर्गीय माणूस उजळ माथ्याने जिना चढू लागला, तो या काळात. पण आमच्या मावशीला त्यासाठी आणखी पंचवीस वर्षं थांबावं लागलं.

२०१६ च्या सुमारास तिच्या खोलीमागे जुनी इमारत पाडून नवीचं काम सुरू झालं. पुन्हा धप्‌, धप्‌. तिचं वय आता पन्नाशीचं. तिला श्वास लागेना, हात मुंग्यांनी भरून जात. एका इस्पितळात हृदयाचा आलेख काढला, तो ठीक आला. दुसरीकडे पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. गावाकडच्या नणंदेने बाहेरचं काही असेल म्हणून अंगारा पाठवला. शेवटी एका तरुण डॉक्टरणीने तपासताना विचारलं, रात्री किती वाजता जाग येते? मावशी म्हणाली, चारला पाच कमी. डॉक्टरणीला गाव विचारायचं सुचलं. तेवीस वर्षांत तो प्रश्न तिला पहिल्यांदाच कोणी दवाखान्यात विचारला होता.

मग ती नेरुळच्याच एका समुपदेशक बाईंकडे आठवड्यातून एकदा जाऊ लागली. पहिले काही दिवस तिथे भूकंपाचं नावही निघालं नाही. खुर्चीत बसून तळपाय जमिनीवर दाबायचे, श्वास हळू सोडायचा, खोलीत दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायची. मला ती घरी येऊन करून दाखवायची, लाटणं बाजूला ठेवून. गंमत वाटते का, असं मी विचारलं, तर म्हणाली की पायांना जमीन आहे हे पायांना कळतं. लांब सोडलेल्या श्वासाने हृदयाची गती खरोखर उतरते आणि गजर वाजवणाऱ्या मेंदूला खालून निरोप जातो की सध्या धोका नाही. विचाराने समजूत पटत नाही तिथे श्वास पोचतो, कारण तो मनाच्याही ताब्यात आहे आणि शरीराच्याही.

पुढची पायरी दाराची. आधी दार उघडं ठेवून पण उंबऱ्यापासून हातभर आत झोपायचं. मग दोन हात. मग दार लोटून, कडी न लावता. दर पायरीला भीती चढू द्यायची आणि ती आपोआप उतरेपर्यंत पळायचं नाही. भीती उतरते, हे शरीराला स्वतःला अनुभवायला लागतं. पळून गेलो की ते कधीच कळत नाही. याला महिने लागले. मधे एक पावसाळा आला आणि ती परत उंबऱ्याशी गेली. समुपदेशक बाईंनी पुन्हा पहिल्यापासून धरलं.

आणि शेवटी गोष्ट. विसर्जनाच्या संध्याकाळपासून दुसऱ्या दुपारपर्यंत, क्रमाने, पुन्हा पुन्हा सांगायची. तिची गोष्ट दर वेळी एकाच जागी थांबे. ढिगाऱ्याखालून सासूचा आवाज येत होता. दुपारपर्यंत येत होता. मग थांबला. “मी ऐकत बसले,” असं ती म्हणे, आणि तिथे गोष्ट संपे. तेवीस वर्षं तिने स्वतःला एवढंच सांगितलं होतं. चौथ्या की पाचव्या वेळी बाईंनी विचारलं, ऐकत असताना तुमचे हात काय करत होते? मावशी बराच वेळ गप्प राहिली. मग तिला ताट आठवलं. जेवायचं पितळी ताट. फावडं नव्हतं, म्हणून ती त्या ताटाने माती उपसत होती. ताट वाकलं, नखं फुटली, पाऊस येत होता, ती उपसत होती. तिने ऐकत बसून काही केलं नव्हतं, हे खरं नव्हतंच. भयाने गोष्टीतला एक तुकडा ठेवला आणि दुसरा पुरला होता. त्या दिवशी घरी येऊन तिने मला आपली बोटं दाखवली. एका नखाला अजून उभी चीर आहे. मी ती कणीक मळताना रोज बघत होते.

सगळ्यांनाच या वाटेने जावं लागतं असं नाही. आघात झालेल्यांतले बहुतेक लोक घरच्यांच्या, गावाच्या, कामाच्या आधाराने आपापले सावरतात. घटनेनंतर लगेच, माणूस तयार नसताना, सगळं बोलून टाक म्हणून खोदून विचारणं उपयोगी पडत नाही आणि काहींना त्रासच देतं, हेही पुढे संशोधनात दिसून आलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची जी पुस्तिका काढली, तिचं सूत्र म्हणूनच साधं आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. पाणी, घोंगडी, हरवलेल्या माणसाचा पत्ता, शेजारी बसलेलं कोणीतरी. किल्लारीच्या पहिल्या दिवसांत पुस्तिका न वाचलेल्या कित्येकांनी हे केलं. ज्यांचं दुखणं महिन्यांनंतरही उतरत नाही, त्यांच्यासाठी मात्र शिकलेला माणूस हवा. धीर धर म्हणणारा शेजारी तिथे पुरत नाही. आणि तो वेळेत हवा, तेवीस वर्षांनी नव्हे. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी क्रमांक आता आहे, २०२२ च्या ऑक्टोबरपासून. तो मराठीतही ऐकतो.

त्याच २०२२ च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून गूढ आवाज येऊ लागले. धक्के लहान होते. पण लातूर जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांनी अंथरुणं उचलली आणि अंगणात नेली. १९९३ नंतर जन्मलेल्या नातवंडांनीही नेली. ज्यांनी भूकंप पाहिलाच नाही, त्यांनाही दाराशी झोपणारी आजी बघून तो शिकायला मिळाला होता. मावशीच्या भावाचा तेव्हा फोन आला. तिने त्याला पहिलं विचारलं ते घराच्या भेगांबद्दल नव्हतं. झोपतोस का, असं विचारलं. मग फोनवरच त्याला तळपाय जमिनीवर टेकवायला लावले.

गेल्या अनंत चतुर्दशीला ती आमच्याबरोबर खाडीवर आली होती. ढोल-ताशा इतका जवळ होता की आवाज कानाआधी छातीत शिरत होता. मी तिच्याकडे पाहिलं. तिने चपला काढल्या होत्या. अनवाणी तळवे ओल्या मातीत रुतवून ती उभी होती, ओठ हलत होते, श्वास मोजत होती. गणपती पाण्यात गेला. थोडा वेळ ती तशीच थांबली, मग पाय झटकून चपला घातल्या.

“चला ताई,” म्हणाली, “सकाळी पोळ्या लवकर टाकायच्यात.”